थायरॉइडची गोळी चालू आहे, पण नाक मोकळं होत नाही: कारण शोधायची पद्धत

पहाटे चारला तोंड कोरडं पडून जाग यायची. जीभ टाळूला चिकटलेली, नाक गच्च. कूस बदलली की काही मिनिटांनी वरच्या बाजूची नाकपुडी जरा सुटायची, खालची बंद व्हायची. तीन वर्षं मी हे ‘जुनी सर्दी’ म्हणून अंगावर काढलं. मग रक्ततपासणीत थायरॉइड कमी निघालं, गोळी सुरू झाली, आणि तेव्हापासून मी प्रत्येक शिंकेचं खापर थायरॉइडवर फोडायला लागले. आधी थायरॉइडचा विचारच केला नाही आणि नंतर दुसऱ्या कशाचा केला नाही. दोन्ही वेळा वेळ वाया गेला.

थायरॉइडमुळे नाक चोंदू शकतं हे खरं आहे. पण तुमचं नाक त्यामुळेच चोंदलंय का, हे कुठलीही एक तपासणी सांगत नाही. ते कळतं तारखांवरून, आणि टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक; थायरॉइड कमी पडलं की ते रक्तात वाढतं) जागेवर आल्यानंतर नाकाचं काय झालं त्यावरून. त्यासाठी काय करायचं, कोणत्या क्रमाने, ते पुढे लिहिलं आहे. गोळीचा डोस मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी हलवू नये, नाकासाठी तर मुळीच नाही.

आधी हे पाहा

डोळ्याभोवती सूज आणि लाली, एकाच्या जागी दोन दिसणं, जोराचा ताप आणि असह्य डोकेदुखी, मान ताठणं, यातलं काही असेल तर वाचत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सायनसचा संसर्ग डोळ्याच्या खोबणीत किंवा मेंदूच्या आवरणात उतरू शकतो. सतत एकाच नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येत असेल, किंवा खाली वाकलं की एका बाजूने पाण्यासारखं स्वच्छ थेंब-थेंब गळत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे लवकरात लवकर जायला हवं. या दोन्हींचा थायरॉइडशी संबंध नाही आणि दोन्ही ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणण्यासारख्या नाहीत.

आणखी एक गोष्ट थायरॉइड वाढलेल्यांसाठी, म्हणजे ज्यांची ग्रंथी गरजेपेक्षा जास्त संप्रेरक बनवते त्यांच्यासाठी. कार्बिमॅझोल, मेथिमॅझोल किंवा प्रोपिलथायोयुरॅसिल चालू असताना घसा दुखून ताप आला, तोंडात फोड आले, तर ती ‘सायनसची सर्दी’ समजू नका. या औषधांनी क्वचित रक्तातल्या संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी एकदम घसरतात. अशा वेळी औषध थांबवून लगेच डॉक्टरांना गाठायचं आणि त्याच दिवशी रक्तातल्या पेशी मोजून घ्यायच्या. हे प्रत्येक रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगायला हवं, पण कित्येकांना ते माहीत नसतं म्हणून इथे वर लिहिलं.

थायरॉइड आणि नाक जोडलं कुठे जातं

थायरॉइडचं संप्रेरक फार कमी पडलं की त्वचेखाली आणि आतल्या ओलसर अस्तराखाली हायल्युरॉनिक आम्लासारखे पदार्थ साठू लागतात. हे पदार्थ पाणी धरून ठेवतात. सकाळी चेहरा फुगलेला दिसणं, पापण्या जड होणं, जीभ जाड वाटणं, आवाज घोगरा होणं हे सगळं त्यातून येतं. या सुजेवर बोट दाबलं तरी खळगा राहत नाही. लंडनचे विल्यम ऑर्ड यांनी १८७८ मध्ये या अवस्थेला मिक्सिडीमा हे नाव दिलं, ते ऊतींमध्ये साठलेल्या या बुळबुळीत द्रव्यावरूनच.

आता नाकात डोकावू. दोन्ही बाजूंना, बाहेरच्या भिंतीला, फळीसारखे तीन-तीन मांसल उंचवटे असतात. सर्वांत खालचा सर्वांत मोठा, आणि त्यात रक्त भरून तो स्पंजासारखा फुगतो-ओसरतो. हवा जायची वाट त्याच्या शेजारूनच आहे, आणि ती मुळातच चिंचोळी. अस्तराला थोडी सूज आली तरी श्वास अडकल्यासारखा होतो. म्हणूनच ॲलर्जीशिवाय होणाऱ्या नाकाच्या दाहाच्या कारणांत वैद्यकीय पुस्तकं गरोदरपणाबरोबर थायरॉइडची कमतरताही मोजतात.

पण इथेच थांबून एक गोष्ट मान्य करायला हवी. या संबंधाचा पुरावा मर्यादित आहे, आणि थायरॉइड कमी असलेल्या प्रत्येकाचं नाक चोंदत नाही. शिवाय थायरॉइडचा त्रास आणि नाकाचा त्रास दोन्ही इतके सर्रास आढळतात की एकाच माणसात दोन्ही निव्वळ योगायोगाने असू शकतात.

पायरी पहिली: नाकाची तक्रार नेमक्या शब्दांत मांडा

‘मला सायनस आहे’ यातून डॉक्टरांना काहीच कळत नाही. सायनस सगळ्यांनाच असतात, त्या कवटीतल्या पोकळ्या आहेत. तसंच ‘नाकाचं हाड वाढलंय’. त्याचा अर्थ मधला पडदा वाकडा आहे, की खालचा उंचवटा फुगलाय, की नाकात द्राक्षासारखा मऊ पॉलिप आहे? तिन्हींचा उपाय वेगळा.

जुनाट सायनसदाह म्हणायला चार लक्षणं पाहतात: नाक चोंदणं, पुढून किंवा मागे घशात स्राव उतरणं, चेहऱ्यावर दाब किंवा दुखणं, वास कमी येणं. यातली निदान दोन, त्यातलं एक चोंदणं किंवा स्राव, १२ आठवडे किंवा त्याहून जास्त टिकलेली हवीत. शिवाय दुर्बिणीतून किंवा सीटी स्कॅनमध्ये आत दाह दिसायला हवा. फक्त कपाळ दुखतं आणि नाक मोकळं आहे, तर ते बहुतेक वेळा सायनस नसून मायग्रेन किंवा तणावाची डोकेदुखी निघते.

थायरॉइडशी जुळणारं चोंदणं कसं असतं? दोन्ही बाजूंना, महिनोन्‌महिने हळूहळू वाढलेलं, सुस्त. त्याबरोबर थकवा, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, घोगरा आवाज, चढणारं वजन यांतलं काहीबाही असतं. उलट शिंकांच्या माळा, नाक-डोळ्यांची खाज, पाण्यासारखी सर्दी ही ॲलर्जीची खूण. पिवळा-हिरवा घट्ट स्राव आणि दातात ठणका हा संसर्गाकडे बोट दाखवतो. कायम डावीच किंवा कायम उजवीच बाजू बंद असेल तर रचनेतला दोष किंवा वाढ शोधायची. संप्रेरक एक नाकपुडी निवडत नाही.

घरी करता येणारी एक साधी गोष्ट मला फार उपयोगी पडली. स्टीलची गार ताटली आडवी धरून नाकाखाली टेकवायची, तोंड मिटून नाकाने सावकाश श्वास सोडायचा. ताटलीवर वाफेचे दोन ठिपके उमटतात. माझा पहिल्या दिवशी एक ठिपका रुपयाएवढा होता आणि दुसरा करंगळीच्या नखाएवढा. तीन तासांनी पाहिलं तर अदलाबदल झालेली. नाकपुड्या दर काही तासांनी आळीपाळीने सैल-घट्ट होतात, हा शरीराचा नेहमीचा क्रम आहे. म्हणून एकदा पाहून काही ठरवायचं नाही. आठवडाभर वेगवेगळ्या वेळी पाहायचं. बाजू बदलत असेल तर दोष अस्तराचा, बदलतच नसेल तर दुर्बीण हवी.

पायरी दुसरी: तारखा एका ओळीत लावा

कागदावर आडवी रेघ मारा. त्यावर नाकाचा त्रास कधी सुरू झाला, थायरॉइडची लक्षणं कधी, गोळी कधी, डोस कधी बदलला, कोणती नवी औषधं कधी आली, घर किंवा काम कधी बदललं, हे सगळं मांडा. जुने रिपोर्ट आणि औषधाच्या चिठ्ठ्या काढून बसा, आठवणीवर विसंबू नका. मी अगदी खात्रीने सांगत होते की नाक थायरॉइडच्या रिपोर्टच्या तीनच वर्षं आधी बिघडलं. चिठ्ठ्या पाहिल्या तर नाकाच्या स्प्रेची पहिली चिठ्ठी थायरॉइडच्या रिपोर्टच्या सात वर्षं आधीची होती.

औषधांच्या रकान्याकडे बारकाईने बघा. रक्तदाबाची काही औषधं नाक चोंदवतात. थायरॉइड वाढल्यावर धडधड आवरायला देतात त्या प्रोप्रॅनोलॉलसारख्या बीटा ब्लॉकरनेही काहींना तसं होतं, आणि दमा असेल तर ते धोक्याचंही आहे. नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरले तर नाक उलट जास्त चोंदतं, मग थेंब वाढतात, मग चोंदणं वाढतं. या चक्रात अडकलेल्यांनी थायरॉइडचा विचार करण्याआधी थेंब सोडवायचे. एकदम जमत नसेल तर डॉक्टर स्टिरॉइड स्प्रेचा आधार देऊन सोडवतात.

पायरी तिसरी: रक्ततपासणी खरी येईल अशी करा

पहिली तपासणी टीएसएच आणि फ्री टी४, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं रक्तातलं संप्रेरक. पहिल्यांदाच कमतरता निघाली असेल तर टीपीओ अँटीबॉडी (थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं) या तपासणीवरून कारण हाशिमोटो आहे का ते कळतं. जपानच्या हाकारू हाशिमोटोंनी १९१२ मध्ये वर्णन केलेला हा आजार, यात शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइड ग्रंथीवर उलटते. प्रौढांत टीएसएचची नेहमीची मर्यादा साधारण ०.४ ते ४ च्या आसपास, लॅबप्रमाणे थोडी इकडेतिकडे. गरोदरपणात मोजपट्टी वेगळी.

रिपोर्ट फसवू शकतो, आणि नाकाचा रुग्ण त्यात हमखास सापडतो, म्हणून इथे जरा रेंगाळते. थायरॉइडमुळे केस गळतात, म्हणून केसांसाठी बायोटिनची गोळी सुरू होते. बायोटिनच्या मोठ्या मात्रेने रक्तातलं संप्रेरक बदलत नाही, पण बऱ्याच लॅबमधल्या चाचणीची पद्धत गडबडते: टीएसएच खोटं कमी, टी४ खोटं जास्त. रिपोर्ट पाहून वाटतं डोस जास्त झाला, डोस कमी केला जातो, आणि माणूस पुन्हा सुस्त आणि फुगलेला. तपासणीआधी निदान दोन दिवस बायोटिन थांबवायचं आणि ते घेत होतो हे सांगायचं.

दुसरं, पॉलिपसाठी किंवा फार वाढलेल्या दाहासाठी तोंडावाटे स्टिरॉइडचा कोर्स दिला असेल तर त्यानेही टीएसएच खाली येतं. अंगात ताप, मोठा संसर्ग असताना केलेली तपासणीही भरवशाची नसते. सायनसचा जोर असताना ‘थायरॉइडही बघून टाकू’ म्हणू नका. बरं वाटल्यावर काही आठवड्यांनी करा. आणि दर वेळी साधारण त्याच वेळी रक्त द्या, कारण टीएसएच दिवसाच्या वेळेनुसार खालीवर होतं, रात्री उशिरा आणि पहाटे जास्त असतं.

पायरी चौथी: गोळी पोटात नीट जातेय का

लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइड कमी असताना देतात ती गोळी, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी. कॉफीही त्यानंतरच. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांपासून चार तासांचं अंतर. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं.

सहसा निसटतो तो दुवा असा. घशात कफ उतरतो, खाकरावं लागतं, म्हणून आम्लपित्ताची ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोलसारखी गोळी सुरू होते. पोटातलं आम्ल कमी झालं की लेव्होथायरॉक्सिन कमी शोषलं जातं. टीएसएच हळूच वर सरकतं. मग थकवा, घोगरा आवाज, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटणं, आणि त्यासाठी आम्लपित्ताची गोळी अजून तीन महिने. नाकाचे डॉक्टर आणि थायरॉइडचे डॉक्टर वेगळे असले तर ही साखळी कोणाच्याच नजरेत येत नाही. ती पाहू शकता ते तुम्हीच. अशी गोळी सुरू किंवा बंद झाली की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करून घ्या.

सहा ते आठ आठवडेच का? लेव्होथायरॉक्सिनची रक्तातली मात्रा निम्मी व्हायला साधारण सात दिवस लागतात. नवा डोस स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात. त्याआधी तपासणी करणं म्हणजे भात शिजायच्या आत झाकण काढून बघणं.

पायरी पाचवी: बारा आठवडे वही, आणि नाकाची स्वतंत्र काळजी

टीएसएच जागेवर आलं की त्या दिवसापासून वही सुरू करा. रोज लिहिणं टिकत नाही, आठवड्यातून दोनदा पुरे. चोंदणं, स्राव, वास, झोप आणि चेहऱ्यावरचा दाब यांना ० ते ५ गुण. डॉक्टर वापरतात त्या स्नॉट-२२ नावाच्या प्रश्नावलीत असेच २२ प्रश्न आणि ० ते ११० गुण असतात. ती मिळाली तर महिन्यातून एकदा भरा.

या काळात नाकाला वाऱ्यावर सोडायचं नाही. मिठाच्या पाण्याने नाक धुणं हा सर्वांत निरुपद्रवी उपाय. एक लिटर पाण्याला ९ ग्रॅम मीठ, चुरचुरत असेल तर चिमूटभर खाण्याचा सोडा. मीठ काहीही न मिसळलेलं घ्या. पाणी मात्र नळाचं थेट कधीच नाही. खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट उकळून कोमट केलेलं, किंवा डिस्टिल्ड. नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा प्यायलेल्या पाण्यातून काही करत नाही, पण नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचतो. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानात नळाच्या पाण्याने नाक धुणाऱ्या दोघांचा त्यात मृत्यू झाला. बाटली रोज धुऊन पूर्ण वाळवायची.

थायरॉइडच्या रुग्णाने पोव्हिडोन आयोडिन घालून नाक धुण्याचा सल्ला ऐकून स्वतःहून काही करू नये. त्यातलं आयोडिन अस्तरातून शोषलं जातं आणि ग्रंथीचं काम बिघडवू शकतं. समुद्री शेवाळाच्या गोळ्यांचंही तेच.

स्टिरॉइड स्प्रे दिला असेल तर तो नीट मारणं महत्त्वाचं. मान किंचित खाली. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डावीत उजव्या हाताने, म्हणजे फवारा आपोआप बाहेरच्या भिंतीकडे, कानाच्या दिशेने जातो. मधल्या पडद्यावर मारला की तिथे खपली धरते आणि रक्त येतं. मारल्यावर जोरात ओढायचं नाही, नाहीतर औषध घशात. पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत ‘लागू पडत नाही’ म्हणून सोडणाऱ्यांत मीही होते.

सर्दीच्या तयार मिश्र गोळ्यांचं वेष्टन वाचा. सुडोएफेड्रिन आणि फिनाइलेफ्रिन असलेल्या गोळ्यांवर थायरॉइडच्या रुग्णांसाठी इशारा असतो. थायरॉइड वाढलेलं असेल किंवा गोळीचा डोस जास्त होत असेल तर धडधड, रक्तदाब, अस्वस्थता वाढते. तोंडावाटे घेतलेलं फिनाइलेफ्रिन नाक मोकळं करत नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने २०२३ मध्ये दिला आहे. मग धोका तरी कशाला पत्करायचा?

धूम्रपान सुटणं दोन्हीकडे कामाला येतं. धूम्रपान नाकाचं अस्तर बिघडवतं आणि ग्रेव्हज आजारात (प्रतिकारशक्तीच्या गडबडीने थायरॉइड वाढतं तो) डोळ्यांची अवस्थाही वाईट करतं.

नाकाचं सोंग घेणारे थायरॉइडचे त्रास

ग्रेव्हज आजारात डोळ्यांमागचे स्नायू आणि चरबी सुजते. डोळ्यांच्या मागे दाब, सकाळी फुगलेल्या पापण्या, पाणी येणं, आणि निदान मात्र ‘कपाळाचा सायनस’. डोळे मोठे किंवा टक लावल्यासारखे दिसू लागले, डोळे फिरवताना दुखलं, तर जुने फोटो शेजारी ठेवून बघा आणि नेत्रतज्ज्ञांकडे जा.

सर्दी-पडसं होऊन गेल्यावर दोन-चार आठवड्यांनी गळ्याच्या पुढच्या भागात दुखायला लागलं, हात लावू देत नाही, कळ जबड्यात आणि कानात जाते, तर तो घशाचा संसर्ग नसून थायरॉइडचाच दाह असू शकतो. डी क्वेर्व्हेन यांच्या नावाने तो ओळखला जातो. त्यात ईएसआर, म्हणजे अंगातला दाह दाखवणारी रक्ताची तपासणी, खूप वाढलेली येते. यावर अँटिबायोटिक काही करत नाही.

नाक चोंदलेलं नसून कोरडं, खपल्या धरलेलं असेल, बरोबर डोळे आणि तोंडही कोरडं, तर हाशिमोटोच्या जोडीने येऊ शकणारा शोग्रेन आजार (यात प्रतिकारशक्ती लाळ आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते) शोधायला सांगा. आणि रात्री मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास थांबणं, दिवसा पेंग येणं असेल तर झोपेची तपासणी हवी. थायरॉइडच्या कमतरतेत जीभ आणि घसा सुजून हा त्रास वाढतो.

बारा आठवड्यांनी वही वाचताना

नाक थायरॉइडच्या बाकी लक्षणांबरोबरच हळूहळू सुटत गेलं, तर संबंध होता असं मानायला जागा आहे. टीएसएच दोनदा नीट आलं आणि नाकाचे गुण जागचे हलले नाहीत, तर थायरॉइडला त्यातून मोकळं करा. दुर्बिणीची तपासणी, ॲलर्जीची चाचणी, गरज पडली तर सीटी. सायनसचा सीटी सहसा आयोडिनयुक्त रंगद्रव्य न देता करतात, तरी थायरॉइड आहे हे आधी सांगा.

टीएसएच किंचित वाढलंय, टी४ नीट आहे, अशा वेळी नाकासाठी गोळी सुरू करा म्हणून आग्रह धरू नका. २०१७ च्या ट्रस्ट अभ्यासात ६५ वर्षांवरच्या ७३७ जणांत अशा सौम्य कमतरतेवर गोळी देऊनही थकवा आणि लक्षणांत फरक पडला नाही. टीएसएच १० च्या वर असेल तर गणित बदलतं.

माझ्या वहीत दोन्ही निघालं. पहाटेची सूज, जड जीभ आणि दोन्ही बाजूंचं गच्चपण दहाव्या आठवड्यापर्यंत निम्म्यावर आलं. शिंका आणि खाज मात्र पहिल्या पानावर होती तशीच शेवटच्या पानावर. ती ॲलर्जी होती, सात वर्षं जुनी चिठ्ठी सांगत होती तीच. आता डॉक्टरांकडे जाताना एकाच कागदावर तारखांची रेघ, शेवटचे दोन टीएसएच, सगळ्या औषधांची नावं आणि वहीतले गुण लिहून नेते, आणि तोच कागद दोन्ही डॉक्टरांपुढे ठेवते.